चौथ्या खांबाच्या सळ्या

बाबा,

आधी काय झालं ते लिहिते. का झालं ते नंतर.

१. तुम्ही गेल्यावर अकरा वर्षं घरचं वीजबिल तुमच्याच नावाने येत होतं. गेल्या नोव्हेंबरपासून ते आईच्या नावाने येतं.
२. मागच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचे सौर पॅनल बसवायचे आहेत. जागेची पाहणी, आराखडा आणि अंदाजपत्रक मी केलं.
३. पॅनलच्या अर्जाला बिल हयात माणसाच्या नावाचं लागतं, आणि नाव बदलायला दादाची संमती लागत होती. त्याने सही दिली आणि फोनवर सांगितलं, की वरच्या मजल्यासाठी तुम्ही सोडलेल्या सळ्यांना हात लावायचा नाही.
४. मी हो म्हटलं नाही.
५. गेल्या रविवारी सळ्या कापल्या. चार खांबांच्या मिळून सोळा होत्या. बारा कापल्या.
६. चौथ्या खांबाच्या चार उभ्या आहेत.
७. पॅनल शुक्रवारी येतात. दादाही शुक्रवारी येतो. त्याला अजून माहीत नाही.

तुम्हाला असंच लिहिलेलं आवडायचं. तुमच्या रीडिंगच्या वहीत याहून जास्त शब्द कधी नसायचे. घराचा नंबर, मीटरचा नंबर, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात क्वचित 'कुलूप' किंवा 'कुत्रा'. आपण घरात बोलायचो ते वेगळं, पण कागदावर काही उतरवायचं तर ते मराठीत, हे तुमचंच. म्हणून हेही मराठीतच लिहिते आहे. मी काय काम करते ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, तेव्हा तेही सांगते. लोकांच्या घरी जाते, मागच्या बारा महिन्यांची बिलं बघते, छपरावर चढते, दिशा, उतार आणि सावली मोजते. मग कागदावर तीन गोष्टी लिहून देते: खर्च किती, वर्षाला वाचतील किती, आणि घातलेले पैसे किती वर्षांत सुटतील. तुम्ही घरात येऊन गेलेली वीज मोजायचात. मी अजून न आलेली मोजते. तुम्ही याला काम म्हटलं असतंत की नाही, मला शंका आहे.

शंका हरमलपासूनची आहे. मी दहा वर्षांची, मे महिन्याची सुट्टी, तुमच्या स्कूटरवर मागे बसून पेडण्याच्या बाजूला तुमच्याबरोबर फिरते आहे. एका घराच्या व्हरांड्यात मीटर उंचावर आहे, तुम्ही मला उचलून धरता आणि म्हणता, वाच. काट्यांचा जुना मीटर. शेवटचा काटा सहा आणि सात यांच्या मध्ये आहे, साताला जवळजवळ टेकलेला. मी सात सांगते. तुम्ही मला खाली ठेवता, स्वतः बघता आणि सहा लिहिता. मी म्हणते, पण सातच होत आला होता. घरमालकीण हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, तिच्यासमोर तुम्ही म्हणालात, "दिसता तें बरय. वाटता तें बरोव नाका." दिसतं तेच लिहायचं, वाटतं ते नाही. आणि नियम सांगितलात. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला की मागचा आकडा घ्यायचा, नेहमी, पुढचा कितीही जवळ दिसला तरी. पुढच्याला पोचला की तो आपोआप पुढच्या महिन्यात येतो. परत येताना मी स्कूटरवर तुमच्या पाठीला धरलं नाही, सीटच्या लोखंडी कडीला धरून बसले. तुम्हाला ते कळलं नसावं.

नियम मात्र मी सोडला नाही. आमच्या कंपनीच्या मालकाला वाटतं, गिऱ्हाइकाला 'पाच वर्षांत पैसे सुटतात' असं सांगावं. मी सांगत नाही. आपल्याकडे घरगुती वीज स्वस्त आहे. जी वस्तू स्वस्त, ती वाचवून पैसे सुटायला वेळ लागतो, याला इलाज नाही. पावसाचे चार महिने मी वेगळे धरते. डिचोलीच्या बाजूला, खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगतच्या घरांना लाल धुळीची वजाबाकी वेगळी करते. पॅनल दरवर्षी थोडा म्हातारा होतो, तेही वजा. जिथे जिथे काटा मध्ये आहे, तिथे मागचा आकडा. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं कमी आहेत. जी आहेत ती भांडायला येत नाहीत.

एकच आली. तीही हरमलची. भाड्याच्या चार खोल्या चालवणारी म्हातारी, तुमच्याच वयाची असेल. दोन महिने झाले तरी बिल मी सांगितलं तेवढं उतरत नव्हतं, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. मी वर गेले. पहिल्या दोन पॅनलवर मीठ लावलेले बांगडे ओळीने मांडलेले, वर जाळी आणि जाळीवर कावळे. खाली येऊन तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तुज्या यंत्रार बांगडे बरे सुकतात गो बाय. खडपार दोन दीस लागतात, हांगा एक." मी तिला सांगितलं, की एका पॅनलवर सावली पडली की सगळी ओळ मंदावते, कारण ती एकमेकांना जोडलेली असतात. तिने ऐकून घेतलं, मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मीटरवाल्याचें चेडू मगो तू? दोळे बापायचे." आणि पुढे, "तो सांगतालो, चेडू म्हजें आकडे चुकना." मी ते ऐकून घेतलं. पुरावा म्हणून धरलं नाही. गिऱ्हाईक असलं की माणूस मीटरवाल्याच्या मुलीशी गोडच बोलतो. बांगडे तिने परत खडपावर, समुद्रकाठच्या कातळावर, हलवले. आता तिचं बिल मी सांगितलं त्याहून तीस रुपये कमी येतं.

आता घराचं. पुढचा कौलारू भाग आजोबांचा, मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर तुम्ही बांधलेलं, वर सपाट स्लॅब. स्लॅबच्या चार कोपऱ्यांवर चार खांबांची डोकी आणि प्रत्येकातून कमरेएवढ्या चार सळ्या वर आलेल्या. गावातल्या दर दुसऱ्या घरावर त्या आहेत. मुलगा मोठा होईल, लग्न करील, तेव्हा तिथूनच खांब वर न्यायचे आणि मजला चढवायचा. कोणाला लागू नये म्हणून तुम्ही टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्यात. त्या उन्हाने पांढऱ्या पडून हात लावताच चुरा व्हायला लागल्या, तेव्हा आईने नव्या घातल्या. आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. दादा दरवर्षी शिरगावच्या जत्रेला येतो, जेवायच्या आधी वर जाऊन सळ्या बघतो आणि खाली येऊन म्हणतो, "आसात." आहेत, एवढीच नोंद. त्याचं स्वतःचं घर वास्कोला आहे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं, वीस वर्षांच्या कर्जाचं. तो इथे मजला बांधणार नाही हे त्याला माहीत आहे, आईला माहीत आहे, सळ्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

कोणासाठी किती घालायचं हा हिशेब तुम्हालाही येत होता, म्हणून मला दुसरा एक दिवस आठवतो. बारावीचा निकाल लागलेला. मी इंजिनियरिंगचा अर्ज घेऊन स्वयंपाकघरात उभी आहे. तुम्ही पाटावर बसून पेज जेवताय, आई तव्यावरचा मासा उलटते आहे. तुम्ही अर्ज हातात न घेता वाचलात, मी धरला होता तसाच. मग फीच्या आकड्यापाशी थांबलात आणि आईकडे बघून बोललात, माझ्याकडे नाही: "चार वर्सां शिकोवप, आनी हें लग्न जावन वतलें. उजवाड पडटलो दुसऱ्याच्या घरांत." आईने मासा ताटात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला, त्या पावांच्या बाजूला अर्ज होता, तुमची सही केलेला. सही केलीत हे मी नाकारत नाही. पण आधी बोलला होतात. मी सतरा वर्षांची होते आणि माझ्यावर घातलेले पैसे किती वर्षांत सुटतील याचं गणित माझ्यासमोर मांडलं गेलं होतं, उत्तर 'कधीच नाही' असं आलं होतं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुढे दोन वर्षांत तुम्ही गेलात, उत्तर द्यायला माणूस राहिला नाही.

ते आता देते. तुमचा अंदाज चुकला. मी तीस वर्षांची आहे आणि याच घरात आहे. याचा अर्थ मी कधी जाणारच नाही असा नाही, जाईनही. पण तुमच्या गणितात खरी चूक तिथे नव्हती. तुमचा मीटर एकाच बाजूने फिरायचा, घरात आलेलं तेवढं मोजायचा. आता सौर पॅनलबरोबर जो मीटर बसतो, तो दोन्ही मोजतो. घरात वापरलं गेलं नाही ते तारेवरून बाहेर जातं, शेजाऱ्याचा पंखा फिरवतं, आणि तरीही आपल्या नावावर जमा होतं. दुसऱ्याच्या घरात पडलेला उजेडसुद्धा मोजता येतो, बाबा. मोजायचं ठरवलं तर.

चवथीला दादा आणि वहिनी आले होते. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी अंदाजपत्रक मेजावर ठेवलं. अनुदान वजा जाता खर्च एक लाख वीस हजार. वर्षाची बचत, आई गॅस सोडून अर्धा स्वयंपाक विजेवर करील हे धरून, साडेतेरा हजार. पैसे सुटायला आठ वर्षं अकरा महिने. त्यानंतरची वर्षं फुकट. पॅनल पंचवीस वर्षं चालतात. आधी आठ पॅनल बसत होते, मी ते सहा केले, कारण उत्तरेच्या बाजूला चार फुटांची पट्टी आईला सोलं सुकवायला मोकळी हवी होती. तेही कागदावर लिहिलं होतं: 'कोकम, मोकळी जागा.'

वहिनी कागद बघून म्हणाली, "आमच्या गॅलरींत एक बसयता काय? म्हज्या मिक्सरापुरतो." आम्ही हसलो. दादा हसला नाही. त्याने वर्षांच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"नऊ वर्सां. नऊ वर्सांनी तू खंय आसतलें?"

"आठ वर्षं अकरा महिने," मी म्हटलं.

"हें अंदाजपत्रक न्हय, हें ज्योतिश."

"ज्योतिषी पाऊस धरत नाही. मी धरलाय."

मग त्याने मूळ मुद्दा काढला. आपल्याकडे कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे त्यालाही ठाऊक आहे. आणि लग्न ठरलं की मुलगी नोटरीकडे जाऊन हक्कसोडीवर सही करते, हेही. आपल्या चुलत बहिणीने लग्नाच्या आदल्या आठवड्यात केली. तिला त्या दिवशी पैठणी मिळाली. ती अजून त्या साडीबद्दल बोलते, सहीबद्दल नाही. दादा म्हणाला, "आदीं नोटरीकडे सही कर. मगीर छपरार विमानूय देंवय." विमान उतरवलंस तरी चालेल म्हणाला, दुष्टपणे नाही. त्याला वाटतं, लोकांच्या घरी जे होतं ते आपल्याही घरी होईल, त्यात रागावण्यासारखं काय आहे. मी सांगितलं, की सही करणार नाही, आत्ता नाही आणि लग्नाच्या वेळीही नाही. पैठणी मी माझ्या पगारातून घेऊ शकते.

आई तोवर भांडी आवरत होती. ती हात पुसत आली आणि दादाला म्हणाली, "बिल मी भरतां. नाव म्हजें कर. बाकीचें तुमी झगडत बसा." इतकंच. मीटर तुमच्या नावावरून काढायला तीच अकरा वर्षं नको म्हणत होती. दर महिन्याला तुमच्या नावाचा एक कागद घरात यायचा, तो ती देवाच्या फळीवर ठेवायची आणि मगच भरायला द्यायची. त्या दिवशी तिने स्वतःहून सोडलं. दादाने पुढच्या महिन्यात संमतीपत्र पाठवलं आणि फोनवर अट घातली, सळ्यांना हात लावायचा नाही. हक्कसोडीबद्दल काही बोलला नाही. सळ्या उभ्या आहेत तोवर त्याला घाई नव्हती.

डिसेंबरात मी सावल्या मोजल्या. त्या महिन्यात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, सावली सर्वांत लांब पडते, म्हणून पाहणी तेव्हाच करायची. एका रविवारी सकाळी नऊपासून दर तासाला वर जाऊन प्रत्येक सळीच्या सावलीवर खडूने रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली. आई कपडे काढायला आली, रेघांमधून पाय उचलून उचलून चालली आणि म्हणाली, "वयर कोण पळयतलो गो ही रांगोळी?" बघणारी मी एकटीच. चारपर्यंत गणित स्पष्ट होतं. उत्तरेकडच्या दोन खांबांचा पॅनलना उपद्रव नाही. आग्नेयेच्या खांबाची सावली सकाळी पडते. नैऋत्येच्या, म्हणजे चौथ्या खांबाची, दुपारी अडीचनंतर पाचव्या आणि सहाव्या पॅनलवर चढते आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. तुम्ही म्हणाल, चार सळ्यांची सावली ती केवढी. बोटाएवढी. पण बांगडासुद्धा वीतभरच असतो.

सावलीपेक्षा वाईट गोष्ट खाली होती. एकोणीस पावसाळे सळ्या उघड्यावर आहेत. गंज वरून आत उतरला, खांबांची डोकी तडकली, आणि तडकलेल्या डोक्यांतून पाणी स्लॅबमध्ये गेलं. आईच्या चुलीवर छताला जो तपकिरी डाग आहे, तो त्याचाच. आई त्याला धुराचा डाग समजत होती. मी शिडी लावून टोकरलं तर सिमेंटचा पोपडा हातात आला आणि मागे गंजलेलं लोखंड दिसलं. तुम्ही दादासाठी ठेवलेली जागा पावसाला मिळाली. म्हणजे उत्तरेकडच्या सळ्याही कापायलाच हव्या होत्या, पॅनल असोत वा नसोत. हे मी दादाला फोटोसकट पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "बाटल्यो नव्यो घाल."

तेव्हा मी मेस्तांना बोलावलं. बेळगावकडचे तेच मेस्त, ज्यांनी हा स्लॅब घातला. ते आता डिचोलीतच राहतात, केस सगळे पांढरे, पण ग्राइंडर अजून स्वतः धरतात. रविवारी सकाळी आठला आले, वर चढले, सळ्यांकडे बघत थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पोरी, ह्या सळ्या म्या सोडल्याल्या. आता म्याच तोडू व्हय?"

"हो."

"भावाला इचारलंईस न्हवं?"

"सोडताना मला विचारलं होतं?"

"तवा तू फ्रॉकात हुतीस. तुला काय इचारायचं?" असं म्हणून ते हसले आणि चष्मा लावला.

पहिले दोन खांब पाऊण तासात झाले. ठिणग्या स्लॅबवर उडत होत्या, मी पाण्याची बादली घेऊन बाजूला. कापलेल्या टोकांना गंज रोखणारा रंग, वर सिमेंटचा गिलावा, वर उतार, पाणी थांबू नये म्हणून. आईने दोरी आधीच सोडून गुंडाळून घेतली होती. तिसरा खांब झाला. मेस्त चौथ्याकडे वळले, ग्राइंडर चालू केला, आणि तसाच हातात धरून बंद केला. म्हणाले, "ह्यो तुजा खांब न्हवं?"

मला वाटत होतं, ते फक्त मलाच आठवतं. मी अकरा वर्षांची, शाळा सुटलेली, तुम्ही रजा काढून बांधकामावर उभे. खांबाच्या उभ्या सळ्यांभोवती चौकोनी रिंगा बांधायच्या असतात, वीतवीत अंतरावर, पातळ तारेने, लोखंडी आकड्याने पीळ देऊन. मेस्तांचा एक माणूस आला नव्हता. मी बघत होते, बघत होते, आणि पीळ कसा पडतो ते मला कळलं. मी आकडा उचलला. पहिल्या तीन गाठी सैल आल्या, मेस्तांनी सोडवल्या. चौथी बसली. संध्याकाळपर्यंत नैऋत्येच्या खांबाच्या सगळ्या रिंगा मी बांधल्या, तळापासून माझा हात पोचेल तिथपर्यंत, मग पिंपावर उभी राहून. बोटांना तारेने कापलं होतं. तुम्ही येऊन एकेक गाठ हाताने हलवून पाहिलीत. एकही हलली नाही. मग मेस्तांना आणि मजुरांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हो खांब तुजो." आणि दुसऱ्या कामाला लागलात.

रविवारी मी मेस्तांना म्हटलं, राहू दे, चहा घ्या. त्यांनी कारण विचारलं नाही. खाली येऊन मी आईला सांगितलं, ब्लेड संपली, बाकीचं शुक्रवारी. मग खोलीत जाऊन अंदाजपत्रक पुन्हा काढलं, चौथा खांब तसाच ठेवून. वर्षाची बचत तेरा हजारांच्याही खाली येते. आठ वर्षं अकरा महिन्यांची नऊ वर्षं चार महिने होतात. चार सळ्यांची किंमत पाच महिने. शिवाय गंज, तो चालूच. हा आकडा मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितला असता तर त्याने विचारलं असतं, मग ठेवायच्या कशाला. आणि मी त्याला म्हटलं असतं, बरोबर.

शुक्रवारी दादा येईल, जेवायच्या आधी वर जाईल आणि खाली येऊन 'आसात' म्हणणार नाही. काय म्हणेल ते मी धरून ठेवलं आहे. मी त्याला छताचा डाग दाखवीन, खडूच्या रेघांचे फोटो दाखवीन, आणि सही करणार नाही. तो आठ दिवस बोलणार नाही. जत्रेपर्यंत येईल, जेवेल, वर जाऊन पॅनल बघेल. एवढं मला त्याच्याबद्दल कळतं. तुमच्याबद्दल तेवढंसुद्धा ठरवता येत नाही, त्यामुळे हे पत्र.

तुमच्या खात्यावर दोन नोंदी आहेत. एक स्वयंपाकघरातली, एक खांबापाशीची. दोन्ही तुम्हीच, तुमच्याच आवाजात, दुसऱ्यांदेखत. एक खरी असेल तर दुसरी बोलायला बोललेली. खांबापाशीचं वाक्य मी पुष्कळदा तपासलं आहे. मूल दिवसभर राबलं, त्याला बरं वाटावं म्हणून केलेली थट्टा, हा मागचा आकडा. घर बांधताना, चार माणसांदेखत, त्यातला एक खांब मुलीच्या नावाने केलात, हा पुढचा. काटा मध्ये आहे. तुमच्या नियमाने मी मागचा घ्यायला हवा. दहाव्या वर्षापासून मी दुसरीकडे कुठेही पुढचा आकडा घेतलेला नाही. इथे मात्र एकोणीस वर्षं तोच घेऊन चालले आहे. दादाला नाही म्हणताना, नोटरीचं नाव निघताच उठून जाताना, हिशेबात मी तो खांब धरलेला होता. आणि ब्लेड संपली नव्हती. मेस्तांच्या पिशवीत दोन नव्या होत्या, मी पाहिल्या होत्या.

हा कागद पोस्टात पडणार नाही. तुमच्या नावाचं शेवटचं बिल मी जपून ठेवलं आहे, त्याच्या मागे लावते. सळ्या तशाही कापल्या जातील, तुमच्या उत्तराने त्यात फरक पडणार नाही. खांब माझा असेल तर त्याचं काय करायचं ते मी ठरवणार. माझा नसेल तर ती नुसती सावली आहे. मला फक्त आकडा बरोबर लिहायचा आहे. मेस्त शुक्रवारी सकाळी आठला येतात. त्या दिवशी जे बोललात ते मनापासून बोललात की नाही, तेवढं गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.